त्रेचाळीस गुणांची रात्र आणि शून्य गुणांची रात्र

कॉलेज बास्केटबॉलमधले दोन सामने शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला २६ जानेवारी २०११ चा, युटाह राज्यातल्या प्रोव्हो गावातला. एका बाजूला ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी, म्हणजे बीवाययू, आणि दुसऱ्या बाजूला सॅन दिएगो स्टेट. सॅन दिएगो स्टेटचा संघ तोवर त्या मोसमात एकदाही हरला नव्हता. बीवाययूच्या जिमर फ्रेडेटने त्या रात्री ४३ गुण केले, बीवाययूने ७१-५८ ने सामना मारला, आणि पुढचे दोन महिने अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेज चाहत्याच्या तोंडी जिमरचंच नाव होतं. दुसरा सामना नोव्हेंबर २००८ मधला, डेव्हिडसन विरुद्ध मेरीलँडचं लॉयोला. लॉयोलाच्या प्रशिक्षकांनी डेव्हिडसनच्या स्टीफन करीवर सगळा सामनाभर दोन-दोन खेळाडू लावून ठेवले. करीने गुण केले ०. डेव्हिडसन ७८-४८ ने जिंकली.

पुढे कोण मोठा होणार हे ओळखायला यातला दुसरा सामना जास्त उपयोगाचा आहे. हे पटायला वेळ लागतो, कारण कॉलेजच्या खेळावर आपण जीव लावतो तो आकड्यांमुळे, आरोळ्यांमुळे, शेवटच्या सेकंदाच्या फेकीमुळे. ते प्रेम खरंच आहे. पण ‘हा मुलगा आमच्या संघाला आत्ता जिंकून देईल का’ आणि ‘हा मुलगा एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, दहा वर्षं टिकेल का’ हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि चाहता बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतो.

लॉयोलाच्या सामन्यात काय झालं ते नीट पाहा. करी त्या वेळी देशातला सर्वाधिक गुण करणाऱ्यांपैकी एक. दोन खेळाडू आपल्याला सोडत नाहीत हे लक्षात आल्यावर तो चेंडू मागत फिरला नाही. कोर्टच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. ते दोघंही त्याच्याबरोबर कोपऱ्यात. मग उरलेल्या कोर्टवर डेव्हिडसनचे चार आणि लॉयोलाचे तीन. चार विरुद्ध तीन म्हटल्यावर कोणीतरी मोकळा असणारच, आणि डेव्हिडसनने ३० गुणांनी सामना जिंकला. करीने सामनाभरात जेमतेम ३ फेकी घेतल्या. वीस वर्षांच्या मुलाला हे गणित दिसणं, आणि दिसल्यावर स्वतःचे गुण सोडून देता येणं, ही गोष्ट गुणतक्त्यात कुठेच उमटत नाही. पुढे एनबीएमध्ये, गोल्डन स्टेट संघात, हेच रोज घडलं. करीला मध्यरेषेजवळ दोघांनी घेरलं की तो चेंडू सहकारी ड्रेमंड ग्रीनकडे सरकवायचा आणि पुढे पुन्हा चार विरुद्ध तीन. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यातसुद्धा ही खूण शोधता येते: दोघं अंगावर आले की मुलगा काय करतो?

आता प्रोव्होच्या त्या रात्रीकडे. हरलेल्या संघात १९ वर्षांचा एक दुसऱ्या वर्षाचा मुलगा खेळत होता, कवाय लिओनार्ड. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ड्राफ्ट, म्हणजे एनबीए संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याचा कार्यक्रम, झाला तेव्हा फ्रेडेट १० व्या क्रमांकावर गेला आणि लिओनार्ड १५ व्या. फ्रेडेटने त्या मोसमात सामन्यामागे २८.९ गुण केले होते, देशात सर्वांत जास्त. लिओनार्डचे १५.५ गुण आणि १०.६ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लिओनार्ड २०१४ आणि २०१९ मध्ये दोन वेगळ्या संघांकडून अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, फ्रेडेट एनबीएमध्ये राखीव खेळाडू राहिला आणि चीनमध्ये जाऊन तिथला मोठा तारा झाला.

पण यावरून ‘फ्रेडेटची नेमबाजी खोटी होती’ असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. त्याची फेक एनबीएमध्येही चालली. तिथल्या कारकिर्दीत त्याचे तीन गुणांचे, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून फेकीचे, प्रयत्न ३७ टक्क्यांच्या आसपास बसले, आणि ते कुठल्याही संघात चांगलेच मानले जातात. जे चाललं नाही ते दुसरंच होतं. कॉलेजमध्ये तो चेंडू हातात घेऊन, हवा तेवढा वेळ ड्रिबल करून, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, स्वतःची फेक तयार करायचा. एनबीएमध्ये समोर सहा फूट सहा इंचांचे, लांब हातांचे, तितकेच चपळ लोक आले. फेकीसाठी लागणारी अर्ध्या फुटाची मोकळीक मिळेना. आणि दुसऱ्या टोकाला त्याला कोणाला अडवता येईना. बीवाययूमध्ये त्याला बचावात विश्रांती दिली जायची आणि ते रास्तच होतं, कारण त्याने फाउल करून बाहेर बसणं संघाला परवडलं नसतं. एनबीएमध्ये समोरचा संघ अशा खेळाडूला शोधून काढतो, तो ज्याला अडवतोय त्याच माणसाकडून स्क्रीन लावून घेतो, म्हणजे वाटेत आडवं उभं राहायला लावतो, आणि त्याला दर वेळी खेळात ओढतो.

हे का होतं ते समजायला दोन खेळांमधला फरक डोक्यात पक्का हवा. कॉलेजचा सामना २० मिनिटांचे दोन भाग, म्हणजे ४० मिनिटं. एनबीएचा १२ मिनिटांचे चार भाग, ४८ मिनिटं. कॉलेजमध्ये फेक घ्यायला ३० सेकंद, एनबीएमध्ये २४. कॉलेजमध्ये ५ फाउलवर बाहेर, तिथे ६ वर. तीन गुणांची रेषा २०१९-२० पासून कॉलेजमध्ये २२ फूट १ इंचाच्या थोडी पुढे आहे, एनबीएमध्ये समोरून २३ फूट ९ इंच. दीड फुटाहून जास्त अंतर. कोपऱ्यात मात्र एनबीएची रेषा २२ फुटांवर येते, म्हणून कोपऱ्यातून चांगला मारणारा मुलगा तुलनेने लवकर रुळतो. सामना बघताना नुसतं ‘बसली की नाही’ एवढं पाहू नका, पाय कुठे आहेत ते पाहा. रेषेला चिकटून मारणारा आणि रेषेच्या एक पाऊल मागून, त्याच सहजतेने मारणारा, यांच्या टक्केवाऱ्या सारख्या असल्या तरी त्यांची किंमत सारखी नसते.

सगळ्यांत मोठा फरक मात्र बचावाचा. एनबीएमध्ये ‘डिफेन्सिव्ह थ्री सेकंड’चा नियम आहे. समोर कोणाला अडवत नसलेला खेळाडू बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त ठाण मांडू शकत नाही. कॉलेजमध्ये हा नियम नाही. तिथे उंच सेंटर पट्ट्यात खुशाल उभा राहतो, संघ झोन लावतात, म्हणजे माणसाऐवजी जागा राखतात, आत गर्दी असते. याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही चाहत्याला फसवतात. एक, वेगाने आत घुसणारा मुलगा कॉलेजमध्ये आहे त्यापेक्षा वाईट दिसतो, कारण त्याला भिंतीवर डोकं आपटावं लागतं. विशेषतः त्याच्या संघात बाहेरून मारणारं कोणी नसेल तर. दोन, आत उभा राहून समोरच्याची फेक हवेतच अडवणारा, म्हणजे ब्लॉक करणारा, उंच मुलगा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. एनबीएमध्ये त्याला पट्ट्यातून बाहेर यावं लागतं, गार्डसमोर, म्हणजे चेंडू चालवणाऱ्या चपळ खेळाडूसमोर, दोन पावलं सरकावं लागतं, आणि तिथे पाय जड असतील तर उंचीचा उपयोग होत नाही.

फ्रेडेटच्याच बाबतीत एक तपशील बोलका आहे. त्याच ड्राफ्टमध्ये, फ्रेडेट ज्यांच्याकडे गेला त्या सॅक्रामेंटोने, अगदी शेवटच्या ६० व्या क्रमांकावर आयझाया थॉमसला घेतलं. उंची ५ फूट ९ इंच. थॉमसने पहिल्याच मोसमात फ्रेडेटच्या पुढे जागा मिळवली, आणि २०१६-१७ मध्ये बोस्टनकडून त्याने सामन्यामागे २८.९ गुण केले, नेमका तोच आकडा जो फ्रेडेटने कॉलेजमध्ये गाठला होता. थॉमसकडे पहिलं पाऊल होतं, अंगात ताकद होती, आणि मोठ्या माणसाला धडकून फाउल घेता येत होता. उंची कमी असूनही माणूस मागे टाकता येणं आणि उंची कमी म्हणून दूर राहून मारावं लागणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आकड्यांवर मी भरवसा ठेवतो, पण सगळ्या आकड्यांवर सारखा नाही. सर्वांत फसवा आकडा म्हणजे एका मोसमाची तीन गुणांची टक्केवारी. पहिल्या वर्षाचा मुलगा मोसमात साधारण १०० ते १५० असे प्रयत्न करतो. समजा त्याची खरी कुवत ३६ टक्क्यांची आहे. १०० प्रयत्नांत निव्वळ नशिबाने तो ३१ ते ४१ च्या मध्ये कुठेही दिसू शकतो, आणि तीनातल्या एका वेळी त्याच्याही बाहेर. ३३ टक्केवाला आणि ४० टक्केवाला यांच्यात फरक किती, तर १०० मध्ये ७ फेकींचा. एवढ्यावर आपण एकाला ‘शूटर’ आणि दुसऱ्याला ‘वीटफेक्या’ ठरवून टाकतो. करीच्या बाबतीत शंका नव्हती, कारण २००७-०८ मध्ये त्याने १६२ तीन गुणांच्या फेकी बसवल्या, ३६९ प्रयत्नांत. इतक्या प्रयत्नांनंतरची ४४ टक्के ही टक्केवारी नशिबाची नसते.

प्रयत्न कमी असतील तर फ्री थ्रोकडे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींकडे, वळा. कोणी अडवत नाही, अंतर ठरलेलं, हातांची खरी जात तिथे दिसते. २०१४-१५ मध्ये केंटकीच्या कार्ल-अँथनी टाऊन्सने अख्ख्या मोसमात तीन गुणांचे जेमतेम ८ प्रयत्न केले आणि २ बसवले. त्यावरून काय कळणार? पण त्याचे फ्री थ्रो ८१ टक्के बसत होते, सात फुटी मुलाचे. २०२२ मध्ये तोच टाऊन्स ऑल-स्टार वीकएन्डची तीन गुणांची स्पर्धा जिंकला. उलट उदाहरण २०१७ चं. वॉशिंग्टनचा मार्केल फुल्ट्झ तीन गुणांचे ४१ टक्के मारत होता पण फ्री थ्रो ६५ टक्के. ड्यूकचा जेसन टेटम तीन गुणांचे ३४ टक्के आणि फ्री थ्रो ८५ टक्के. फिलाडेल्फियाने बोस्टनशी सौदा करून पहिला क्रमांक मिळवला आणि फुल्ट्झला घेतलं, बोस्टनने तिसऱ्या क्रमांकावर टेटमला. फुल्ट्झच्या फेकीचं पुढे जे झालं त्यात खांद्याजवळच्या नसांच्या दुखण्याचाही वाटा होता, त्यामुळे सगळं खापर आकड्यावर फोडणं अन्यायाचं होईल. तरी ४१ आणि ६५ हे दोन आकडे एकमेकांशी भांडत होते, आणि असे आकडे भांडताना दिसले की फ्री थ्रोच्या बाजूने उभं राहावं, हे माझं ठाम मत आहे.

लिओनार्डचंही तेच. सॅन दिएगो स्टेटमधल्या शेवटच्या मोसमात त्याचे तीन गुणांचे २९ टक्के बसत, पण फ्री थ्रो ७६ टक्के. म्हणजे हात वाईट नव्हता, पद्धत वाईट होती. चेंडू डोक्याच्या फार वर आणि मागे न्यायचा. सॅन अँटोनिओच्या नेमबाजी प्रशिक्षकांनी चेंडू सोडण्याची जागा खाली आणली आणि पहिल्याच मोसमात तो ३७ टक्क्यांवर गेला. फेक बघताना कोपर, मनगट आणि चेंडू सोडण्याची उंची हे दुरुस्त होऊ शकणारे दोष मानावेत. फेक घ्यायला लागणारा वेळ दुरुस्त करणं त्याहून अवघड. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत मोबाइलवर सामना संथ करून वेळ मोजा. चेंडू खाली नेऊन मग वर आणणारा मुलगा कॉलेजमध्ये मोकळा असतो, एनबीएमध्ये तेवढ्या वेळात समोरचा येऊन पोहोचलेला असतो.

गुणांचा आकडा नेहमी मिनिटं आणि प्रयत्न यांच्या सोबत वाचायचा. टाऊन्सचे केंटकीतले गुण १०.३, ऐकायला साधे. पण ते २१ मिनिटांतले. ४० मिनिटांच्या हिशेबात साडेएकोणीसच्या वर जातात. त्याच संघातला डेव्हिन बुकर मोसमात एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता आणि त्याचे गुण १० च होते. तो संघ ३८ सामने जिंकला, एक हरला, आणि त्यात चेंडू वाटून घ्यावा लागत होता. अशा संघातला राखीव मुलगा दुबळ्या संघातल्या २० गुणवाल्यापेक्षा मोठा असू शकतो. बुकर १३ व्या क्रमांकापर्यंत उरला याचं कारण तेवढंच होतं, असं मला वाटतं.

फेकी कितपत सार्थकी लागल्या हे सांगणारा, घरबसल्या करता येणारा एक सोपा हिशेब: खेळाडूच्या फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणा, त्यात त्याच्या इतर फेकींचे प्रयत्न मिळवा, आलेल्या आकड्याची दुप्पट करा आणि त्याने केलेल्या गुणांना तिने भागा. १८ फेकी आणि ४ फ्री थ्रोमध्ये २० गुण करणाऱ्याचं उत्तर ५१ टक्क्यांच्या आसपास येतं. ९ फेकी आणि ५ फ्री थ्रोमध्ये १६ गुण करणाऱ्याचं ७१. दुसऱ्या दिवशीचे मथळे २० वाल्याचे असतात.

स्टील आणि ब्लॉक हे आकडे मला गुणांपेक्षा जास्त सांगून जातात. स्टील म्हणजे पास कुठे जाणार हे आधी ओळखणं आणि तिथे हात पोहोचणं, डोकं आणि अंग दोन्ही. करीच्या शेवटच्या मोसमात सामन्यामागे २.५ स्टील होते आणि ‘हा बारीक पोरगा बचाव कसा करणार’ म्हणणाऱ्यांनी तिकडे पाहिलंच नाही. आयोवा स्टेटच्या टायरीस हॅलिबर्टनने पहिल्या वर्षी सामन्यामागे ७ गुणही केले नव्हते. पण त्याच्या प्रत्येक गमावलेल्या चेंडूमागे चारपेक्षा जास्त असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या गार्डसाठी दोनाला एक हे प्रमाणही चांगलं मानतात. तो २०२० मध्ये १२ व्या क्रमांकावर गेला.

वय हा आकडा चाहते पूर्ण विसरतात. ड्राफ्टच्या दिवशी फ्रेडेट २२ वर्षांचा होता आणि लिओनार्डला २० पूर्ण व्हायला सहा दिवस बाकी होते. २२ वर्षांचा मुलगा १९ वर्षांच्या मुलांमध्ये खेळतो तेव्हा त्याचं अंग भरलेलं असतं, चालीही पाठ असतात. आता हे आणखी गुंतागुंतीचं झालंय. करोनामुळे २०२०-२१ चा मोसम खेळलेल्यांना एक वर्ष जास्त मिळालं, जुलै २०२१ पासून खेळाडूंना नाव आणि चेहऱ्यावर पैसे मिळवण्याची मुभा आली, कॉलेज बदलणं सोपं झालं. पैसे इथेच मिळत असतील तर दुसऱ्या फेरीत निवड होऊ शकणारा मुलगा घाईने ड्राफ्टला कशाला जाईल? म्हणून हल्ली कॉलेज संघांत २३-२४ वर्षांचे बाप्ये दिसतात. त्यांच्यात ड्यूकचा कूपर फ्लॅग २०२४-२५ चा मोसम सुरू झाला तेव्हा १७ वर्षांचा होता. १९.२ गुण, ७.५ रिबाउंड, ४.२ असिस्ट, तेही १७-१८ व्या वर्षी. हे आकडे २२ वर्षांच्या मुलाचे असते तर आपण ‘चांगला आहे’ म्हणून पुढे गेलो असतो. तो पहिल्या क्रमांकावर डॅलसकडे गेला तेव्हाही १८ चाच होता.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. चेंडूच्या मागे डोळे नेऊ नका. एक मुलगा निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा, चेंडू कुठेही असो. टीव्हीवर तो चौकटीबाहेर जातो ही अडचण खरी आहे, म्हणून बाजूच्या वरच्या कॅमेऱ्याचं पूर्ण चित्रण बघा, हायलाइट नको. हायलाइटमध्ये चुकलेली फेक नसते आणि उशिरा सरकलेला पाय तर नसतोच. कॉलेजमध्ये एका संघाला ४० मिनिटांत साधारण ७० वेळा चेंडू मिळतो, म्हणजे ३० मिनिटं खेळणाऱ्या मुलाचे बचावाचे ५० तरी प्रसंग एका सामन्यात मिळतात. गुण करण्याचे प्रयत्न फार तर १५. पन्नास प्रसंगांचा पुरावा सोडून पंधरांवर निकाल द्यायचा का?

वहीत रकाने आखा. पहिला रकाना: चेंडू गमावल्यावर पहिली तीन पावलं. पळत मागे येतो की हात वर करून पंचांकडे बघतो. दुसरा: आपला माणूस दूर असताना मदतीला वेळेत येतो का. बास्केटजवळ शेवटचा बचाव ज्याच्यावर असतो तो मुलगा, समोरचा घुसल्यावर एक क्षण आधी निघाला तर फेक अडते, एक क्षण उशिरा निघाला तर फाउल होतो. तिसरा: मोकळ्या शूटरकडे धावत जाताना कसा थांबतो. लहान पावलं टाकत, बूड खाली ठेवून थांबणारा बाजूने कापला जात नाही. सरळ उडी मारणारा प्रत्येक वेळी मागे पडतो, आणि एनबीएमध्ये ही चाल प्रत्येक संघ रात्री पंचवीस वेळा करतो. चौथा: स्क्रीनमधून कसा निघतो, छाती आत घालून अंग चोरतो की आदळून थांबतो.

चेंडू हातात असताना तीन गोष्टी टिपा. नकोसा हात, म्हणजे उजव्याचा डावा. डाव्या बाजूने घुसून शेवटी चेंडू पुन्हा उजव्या हातात आणणाऱ्याला कॉलेजमध्ये वाट मिळते, वर मिळत नाही. दुसरं, ड्रिबल चालू असताना एका हाताने पास देता येतो का, की आधी दोन्ही हातांनी चेंडू धरावा लागतो. धरला की बचाव करणाऱ्याला कळतं, आणि तेवढा क्षण पुरतो. तिसरं, दोघं अंगावर आल्यावर काय होतं. लॉयोलाचा सामना विसरू नका.

प्रत्येक प्रसंगाला नुसती खूण: जमलं तर बरोबर, नाही तर फुली. शेरे लिहीत बसलात तर पुढचे दोन प्रसंग निसटतात.

शरीराच्या मापांबद्दल थोडक्यात. शिकागोच्या ड्राफ्ट कंबाइनमध्ये बूट काढून उंची, दोन्ही हात पसरून लांबी आणि हात वर करून पोहोच मोजतात. कार्यक्रमपत्रिकेतली उंची एखाद-दोन इंचांनी फुगवलेली असते, तिच्यावर विसंबू नका. हातांची लांबी उंचीहून चार-पाच इंच जास्त असेल तर मुलगा बचावात उंचीपेक्षा मोठा खेळतो. लिओनार्डची बूट काढून उंची ६ फूट ६ इंच आणि हातांचा पसारा ७ फूट ३ इंच, शिवाय पंजे प्रचंड. पण वजन उचलण्याच्या चाचणीला फार महत्त्व देऊ नये. २००७ मध्ये केविन ड्युरंटला १८५ पौंड एकदाही उचलता आले नव्हते.

आणि मार्चमधली कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा. एक हार की बाहेर. या स्पर्धेवर आपलं सगळ्यात जास्त प्रेम, आणि निर्णय सगळ्यात जास्त इथेच चुकतात. दोन आठवड्यांतल्या चार सामन्यांचं वजन आपण तीस सामन्यांहून जास्त धरतो. २००८ मध्ये करीने डेव्हिडसनला शेवटच्या आठांत नेलं. कॅन्ससविरुद्ध ५७-५९ असताना शेवटचा चेंडू त्याच्याच हातात होता, समोर दोघं आले, त्याने मोकळ्या सहकाऱ्याला पास दिला आणि ती फेक चुकली. ‘स्वतः मारायला हवी होती’ असं म्हणणारे तेव्हाही होते. तो पास बरोबर होता. चेंडू बास्केटमध्ये गेला नाही म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही, आणि मुलगा पारखताना निर्णयालाच गुण द्यायचे असतात.

स्वतःच्या कॉलेजच्या मुलाबद्दल तर चाहत्याने मत देण्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या चाहत्याला विचारावं. आपल्या मुलाचं काय खुपतं हे प्रतिस्पर्ध्याला नेमकं माहीत असतं. पुण्या-नागपुराहून इंडियानातल्या पर्ड्यूसारख्या विद्यापीठात एमएसला गेलेली आपली मुलं दोन वर्षांत तिथल्या संघाची पक्की भक्त होतात, ते मला फार आवडतं. पण ७ फूट ४ इंचांच्या झॅक ईडीला दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरवल्यावर ‘एनबीएतही असंच’ असं धरून चालता येत नाही, आणि ‘आजच्या खेळात एवढ्या उंचाला जागा नाही’ असंही नाही. तो २०२४ मध्ये ९ व्या क्रमांकावर गेला. प्रश्न एकच होता: स्क्रीन लागल्यावर तो पट्ट्याबाहेर दोन पावलं येऊन परत वेळेत मागे पोहोचतो का? हे पर्ड्यूचा प्रत्येक सामना पाहणाऱ्याला वहीत दिसलं असतं.

उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. व्हिलानोव्हाचा जेलन ब्रन्सन २०१६ आणि २०१८ असं दोनदा विजेत्या संघात होता, २०१८ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू होता, आणि तरी ३३ व्या क्रमांकापर्यंत थांबला. छोटा आहे, उडी नाही, वय जास्त. सगळं खरं. पण त्याच्या पायांकडे बघणाऱ्याला दिसत होतं की तो दोन पायांवर थांबतो, वळतो, खोटं दाखवतो, पुन्हा वळतो, आणि बचाव करणारा हवेत गेल्यावर मग शांतपणे मारतो. ही कला वेगावर अवलंबून नाही, म्हणून ती वर नेता येते. फ्रेडेटच्या आणि त्याच्या उंचीत नाव घेण्यासारखा फरक नाही. फरक पट्ट्याच्या आत शिरल्यावरचा आहे.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळेचं सांगतो. मार्चमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची घड्याळं पुढे सरकली की आपल्यात आणि त्यांच्यात साडेनऊ तासांचा फरक राहतो. पहिल्या फेरीचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतात, एप्रिलमधला अंतिम सामना मंगळवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास. पण खेळाडू पारखायचा असेल तर मार्चची वाट पाहू नका. जानेवारी-फेब्रुवारीत एकाच कॉन्फरन्समधले, म्हणजे कॉलेजांच्या एकाच गटातले, तेच दोन संघ एकमेकांशी दुसऱ्यांदा खेळतात, तो सामना निवडा. पहिल्या सामन्यानंतर समोरच्या प्रशिक्षकांनी मुलाची डावी बाजू, त्याची लाडकी चाल, त्याचा संथ पाय सगळं लिहून ठेवलेलं असतं आणि दुसऱ्या वेळी ते नेमकं तेच काढून घेतात. नोव्हेंबरचं पान आणि फेब्रुवारीचं पान शेजारी ठेवा. डाव्या हाताच्या रकान्यात नोव्हेंबरमध्ये आठ फुल्या होत्या आणि फेब्रुवारीत तीन, तर त्या मुलाचं नाव जाड अक्षरात लिहून ठेवा, त्या रात्री त्याने ६ गुण केले असले तरी.